खोटारडी घरी आली नाही

अण्णांनी खुर्ची ओढली आणि बसता बसता थांबले. जेवणाच्या टेबलाशेजारी भिंतीवर खिळ्यांची एक ओळ होती. त्यातला एक खिळा रिकामा होता.

"एक खोटारडी कुठाय?"

आत्या ग्लासांत पाणी ओतत होती, तिचा हात थांबला. अण्णांच्या धाकट्याने पावाचा तुकडा मोडला होता, तो त्याने परत ठेवला.

या घरात लिफ्टदुरुस्तीचं काम आजोबांपासून चालत आलं होतं. खोटारडी म्हणजे हातभर लाल वायर, दोन्ही टोकांना चिमटे. लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला कुलूप असतं. दार नीट लागलं की ते कुलूप वरच्या यंत्रखोलीला तसं कळवतं, आणि सगळी दारं बंद आहेत हे कळल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. एखादं कुलूप बिघडलं तर दुरुस्ती करणारा माणूस तेवढ्यापुरती ही वायर जोडतो. मग वायर लिफ्टला सांगते, दार बंद आहे, जा खुशाल. दार सताड उघडं असलं तरी ती हेच सांगते. म्हणून आजोबांनी तिला हे नाव ठेवलं होतं. नियमही त्यांचाच: सगळ्या खोटारड्या खिळ्यावर आल्याशिवाय घरात कुणी घास उचलायचा नाही. पुढे घरं बदलली, टेबलं बदलली, पण खिळे प्रत्येक घरात जेवणाच्या खोलीतच ठोकले गेले.

"माझ्या बॅगेत असेल," अण्णांची थोरली म्हणाली आणि उठली.

बॅग तिने जमिनीवरच उपडी केली. पक्कड, टेस्टर, टॉर्च, किल्ल्यांचा जुडगा, डोकेदुखीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. ती पाकिटं इतकी होती की बघणाऱ्यांनी नजर दुसरीकडे वळवली. वायर नव्हती.

"गाडीत?"

"गाडी मी बघून येतो," धाकटा म्हणाला आणि खाली जाऊन आलाही. त्याने नुसती मान हलवली.

"आज कुठे कुठे गेली होतीस?" अण्णांनी विचारलं.

"दवाखान्यात. मग वाचनालयात. मग ती सात मजली इमारत, रंगकाम चाललंय ती." थोरली थांबली. "की आधी इमारत?"

"मला काय विचारतेस? खोटारडी कुठे लावलीस ते आठव."

थोरलीने डोळे मिटले. तिला यंत्रखोलीतलं एक उघडं पॅनेल दिसत होतं, आणि तिचे स्वतःचे हात. पण पॅनेलं काय, सगळी सारखीच. हातही रोजचेच. ते कुठल्या छताखाली होते हे काही केल्या दिसेना.

"मला आठवत नाही, अण्णा."

"आठवत नाही म्हणजे?"

"म्हणजे आठवत नाही!"

ती ओरडली तशी सगळेच दचकले. सर्वांत जास्त तीच.

*

धाकट्याची बायको दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे घरात तिचं नाव नर्सबाईच पडलं होतं. ती टेबलाच्या टोकाशी बसून नणंदेचे हात बघत होती. बोटांची टोकं पांढरी पडली होती. मानेची शीर लांबूनही उडताना दिसत होती.

हे आजचं नव्हतं. थोरली जेवताना दोन घासांत पोट दाबून उठायची. न्हाणीघराच्या जाळीत तिच्या केसांचे गुंते सापडायचे. झोपेत ती इतके दात खायची की पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं. आणि फोन वाजलेला नसताना ती "आले, आले" म्हणत उठायची. अण्णांचे डोळे अधू झाल्यापासून तातडीच्या कामाचा फोन तिच्याकडे होता. उशाशी, न्हाणीघरात, जेवताना मांडीवर. मागच्याच आठवड्यात नर्सबाईने स्वयंपाकघरात तिचा रक्तदाब मोजला होता आणि आकडा बघून पट्टा पुन्हा बांधला होता. आकडा तोच आला. "कुणाला सांगू नकोस हं, आधीच अण्णांचा जीव टांगणीला लागलेला असतो," असं थोरली म्हणाली होती. आणि नर्सबाईने खरोखरच कुणाला सांगितलं नव्हतं.

"माझ्या उभ्या आयुष्यात एक खोटारडी बाहेर राहिली नाही," अण्णा म्हणत होते. "एक नाही! तुम्ही आजकालची मंडळी कामात लक्ष..."

"दादा," आत्या म्हणाली, "आता ओरडून वायर येणार आहे का?"

"तू मध्ये पडू नकोस. ही शाळा नाही."

"ते दिसतंच आहे. शाळेत मी एवढा गोंधळ चालू दिला नसता."

धाकटा उभा राहिला. "हे बघा, घाबरायचं कारण नाही. मी गाडी काढतो. आधी दवाखाना, मग वाचनालय, मग ती इमारत. गुपचूप पॅनेलं बघतो, वायर काढतो, घरी येतो. कुणाला काही कळायला नको."

"आणि तोवर तिन्ही लिफ्ट चालू?" नर्सबाईने विचारलं.

"तासाभराचा तर प्रश्न आहे."

"तासाभरात काय काय होतं ते मी रोज बघते."

"अगं, फोन करून सांगायचं काय? आमची वायर तुमच्या लिफ्टमध्ये राहिली आहे, आणि कुठल्या लिफ्टमध्ये ते आम्हालाही ठाऊक नाही? उद्या आपल्याला कोण दारात उभं करेल? आजोबांपासूनचं नाव आहे."

"त्याचं खरं आहे," अण्णा हळू आवाजात म्हणाले. मघाशी मुलीवर संतापलेले अण्णा आता मुलाच्या बाजूला सरकले होते. "आधी बघून तर येऊ दे त्याला."

थोरली भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती आणि तिचा श्वास वरच्यावर चालला होता.

नर्सबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून सासऱ्यांसमोर ती त्याच्याविरुद्ध बोलली नव्हती. बोलली ती आताही नाही. तिने सरळ फोन उचलला आणि दवाखान्याचा नंबर लावला.

"अगं..."

"हॅलो, मी बोलतेय. हो, मीच. लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद करा. मुख्य बटण. रुग्णांना रॅम्पवरून न्या. कारण मग सांगते. आधी बंद करा, मी थांबते." ती थांबली. "झाली? नक्की? कुणी चालू करायची नाही."

वाचनालय केव्हाच बंद झालं होतं. तिथला पहारेकरी म्हणाला की दिवे आणि लिफ्ट दोन्ही तो रोज खालूनच बंद करतो, आजही केलीत. राहिली इमारत. तिथल्या रखवालदाराचा फोन वाजत राहिला. तिने पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

"कुणी उचलत नाही," ती म्हणाली. आता तिचाही आवाज बारीक झाला होता. "त्या इमारतीत किती घरं आहेत?"

धाकट्याने किल्ली उचलली, आणि जिन्यावर त्याची पावलं धाडधाड वाजत खाली गेली.

*

"मी जाते त्याच्याबरोबर," थोरली उठायला लागली. छातीवर कुणीतरी तळहात ठेवून दाबत होतं. "वायर मी लावलीय. मलाच माहीत..."

"काय माहीत आहे तुला?" आत्या तिच्यासमोर जमिनीवरच बसली. सांधे कुरकुरले तसं "आई गं" म्हणाली आणि नीट मांडी घातली. "सांग बघू."

"काही नाही. काहीच आठवत नाही. आत्या, माझं डोकं गेलंय. काल मी माझ्याच घराचा मजला विसरले. मी कुणाला तरी मारणार आहे. कदाचित मारलंही असेल."

"डोकं कुठे जात नाही. ऐक. शाळेत आग लागली की काय वाजतं?"

"आत्या, आत्ता नको."

"आत्ताच हवं. काय वाजतं?"

"घंटा."

"घंटा वाजली की मुलं गणित सोडून पळतात. पळायलाच हवं. त्या वेळी कुणाला पाढा विचारलास तर येईल का? नाही. म्हणून पाढा तो विसरला का? तेही नाही. तुझ्या अंगातही तशीच घंटा आहे. धोका दिसला की ती वाजते. काळीज जोरात पळतं, रक्त हातापायांकडे धावतं, पोट काम थांबवतं, आणि आठवणीचा वर्ग कुलूप लावून मैदानात पळतो. थोडा वेळ असं झालं तर चांगलंच. त्यानेच माणूस वाचतो. पण तुझी घंटा अण्णांनी फोन तुझ्या हातात दिला त्या दिवसापासून वाजतेय. बंदच झालेली नाही. पोट बिघडणार नाही तर काय? केस गळणार नाहीत तर काय?"

अण्णा खुर्चीत हलले. "म्हणजे माझ्यामुळे?"

"तुझ्याबद्दल नंतर बोलू, दादा. नर्सबाई, तिच्या पाठीला हात लाव. आणि तू माझ्याकडे बघ. श्वास घे. नाही, एवढा मोठा नको. साधा. आता सोड. हळू. गरम चहावर फुंकर घालतेस तशी सोड. अजून. अजून थोडी. श्वास लांबवर सोडला की घंटेला वाटतं, अरे, ही तर निवांत बसलीय, मग आग नसेल."

"आग आहे, आत्या."

"आहे. पण ती विझवायला तुझा भाऊ गेलाय. तुला फक्त आठवायचंय, आणि पळता पळता आठवत नाही."

नर्सबाई पाठीमागे बसली होती. नणंदेच्या फासळ्या तिच्या तळहाताला लागत होत्या. पहिले काही श्वास आत जाताच परतत होते. मग एक जरा खाली उतरला. त्याच्यानंतरचा आणखी खाली. अण्णांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ठेवली होती.

"आता आठवायचं नाही," आत्या म्हणाली. "कुठली इमारत, ते विचारायचं नाही. नुसतं सांग, पॅनेलसमोर उभी होतीस तेव्हा नाकाला काय येत होतं?"

थोरलीने डोळे मिटले.

"रंग," थोरली म्हणाली.

अण्णांनी तोंडावर हात ठेवला.

"ओल्या रंगाचा वास. डोळे झोंबत होते. यंत्रखोलीची खिडकी मी उघडली, खोटारडी जोडली. मग खाली गेले, कुलपाला हात लावून आले. खटका झिजलेला. दार हाताने ओढलं की उघडायचं, लिफ्ट समोर नसली तरी. मी म्हटलं, हा खटका बदलावा लागेल, तोवर लिफ्ट बंद ठेवू. आणि तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्याचा. तिथे नंतर जायचंच होतं, पण लिफ्टमध्ये स्ट्रेचर अडकलंय म्हणाले. मी पॅनेलचं दार लावलं आणि पळाले. लिफ्ट बंद करायला विसरले. वायर तशीच..." तिने डोळे उघडले. "चौथा मजला. चौथ्या मजल्याचं दार."

नर्सबाईने नवऱ्याला फोन लावला.

*

धाकटा इमारतीत शिरला तेव्हा रखवालदाराची खुर्ची रिकामी होती आणि त्याचा फोन खुर्चीवर पडला होता. "चौथा मजला," बायको फोनवर म्हणाली. "दार हाताने उघडतं. जपून." तो जिन्याने निघाला. भिंती अर्ध्या खरवडलेल्या, पायऱ्यांवर रंगाच्या पापुद्र्यांचा चुरा. पहिल्या मजल्यापर्यंत त्याने दोन दोन पायऱ्या घेतल्या. तिथे त्याला एक आवाज ऐकू आला, आणि त्यानंतर त्याची पावलं आपोआप हलकी पडली.

टण्. मग खोलवर पुन्हा टण्, टण्, टण्.

लिफ्टच्या पोकळीत काहीतरी पडत होतं.

चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं. आत लिफ्ट नव्हती. नुसता काळोख, आणि त्यातून खाली गेलेले दोर. उंबऱ्यावर एक लहान मुलगी उकिडवी बसली होती. एका हाताने तिने दाराची कड धरली होती, दुसऱ्या मुठीत गोट्या होत्या. ती पुढे वाकून खाली बघत होती.

त्याला ओरडायचं होतं. आवाज घशापर्यंत आला. ओरडलो तर ही दचकेल, एवढंच त्याला सुचलं. धावलो तरी दचकेल. ही मुलगी इथे बसली आहे, कारण मी आज ताईला तीन ठिकाणी पाठवलं. ती सकाळी म्हणाली होती, दोनच घेऊ. मी म्हटलं होतं, तुला काय जड आहे.

तो तिथेच पायरीवर बसला. आत्या कशी बोलते ते त्याने आठवलं, लहानपणी तो झाडावर चढून अडकला होता तेव्हा ती खालून कशी बोलली होती ते.

"काय गं," तो अगदी सहज म्हणाला, "गोटीचा आवाज कितीदा येतो?"

मुलीने मान वळवली. कड सोडली नाही. "खूपदा."

"मोजलंस?"

"मला वीसपर्यंतच येतात."

"वीस पुष्कळ झाले. मला एक दाखव ना, कसली आहे गोटी?"

"निळी." तिने मूठ उघडून बघितली. "दोनच राहिल्या."

तेवढ्यात दोर थरथरले. वर कुठेतरी मोटर गुरगुरली. कुणीतरी खाली बटण दाबलं होतं, आणि सातव्या मजल्यावरून लिफ्ट निघाली होती. दार उघडं असूनही निघाली होती. मुलीने तो आवाज ऐकला आणि वर बघायला डोकं आत घातलं.

"तिथे मजा नाही!" त्याचा आवाज चिरकला. त्याने गिळला, पुन्हा आणला. "तिथे फार लवकर संपतं. इथे जिन्यात टाक. जिन्यात ती एकेक पायरी उतरते. वीसच्या पुढे जाते."

"खरंच?"

"पैज लाव. पण इथून टाकावी लागते, माझ्या शेजारून."

मुलीने विचार केला. त्या विचाराला किती वेळ लागला हे त्याला आयुष्यात कधी सांगता येणार नव्हतं. मग तिने डोकं बाहेर काढलं, उठली, फ्रॉकला हात पुसले आणि चालत त्याच्याकडे आली. त्याने तिचं मनगट धरलं. तिच्यामागे, जिथे तिचं डोकं होतं तिथून, लिफ्टचा लोखंडी तळ सरसर खाली गेला.

"दुखतंय," मुलगी म्हणाली. "इतकं घट्ट नको धरू."

पुढचं सगळं त्याने केलं खरं, पण कुणा दुसऱ्याचे हातपाय वापरल्यासारखं. मुलीला तिच्या आईकडे दिलं. आईच्या हाताला कणीक होती, आणि तिने त्याच हातांनी मुलीला कवटाळलं. दारासमोर टेबल आडवं लावलं. ते धरून उभं राहायला एक शेजारी आला. वर जाऊन लिफ्ट बंद केली. पॅनेल उघडलं. लाल वायर तिथे होती, दोन्ही चिमटे नीट लावलेले. ताईचं काम नेहमीसारखंच स्वच्छ होतं.

*

घरी कुणी जेवलं नव्हतं. "सापडली," एवढा एकच शब्द त्याने फोनवर सांगितला होता, त्यामुळे वायरची भीती गेली होती आणि तिथे काय घडलं असेल याची आली होती. थोरली अजून जमिनीवरच होती, अंगावर आत्याची शाल. तिला आता हुडहुडी भरली होती. दात वाजत होते.

"हे काय होतंय तिला?" अण्णांनी सुनेला विचारलं.

"घंटा थांबायला लागली की असंही होतं. होऊ दे."

"आणि बरी कधी होईल? चार दिवस झोपली की?"

"चार दिवसांत नाही, अण्णा. जे इतक्या वर्षांत चढलंय ते उतरायला महिने लागतील. डॉक्टरांना दाखवायचं, रक्तदाबाचं औषध लागलं तर घ्यायचं. रोज ठरल्या वेळी झोप, ठरल्या वेळी जेवण, थोडं चालणं. आणि फोन दुसऱ्या कुणाकडे. शरीराला नुसतं सांगून पटत नाही. धोका टळलाय हे त्याला रोज दाखवावं लागतं."

"मी चारचौघांत सांगायचो, माझी मुलगी दोन माणसांचं काम करते." अण्णा इतकं हळू बोलले की फक्त आत्यालाच ऐकू गेलं.

"अजूनही सांगता येईल," आत्या म्हणाली. "पण आता दुसरा माणूस ठेवून."

दार वाजलं. धाकटा आत आला, वायर खिळ्याला अडकवली आणि खिळ्याकडेच बघत उभा राहिला.

"दार उघडं होतं?" थोरलीने विचारलं.

त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. ताईच्या अवस्थेकडे बघता "नव्हतं" म्हणायला काही हरकत नव्हती. कुणाला काही कळायला नको, असं संध्याकाळी तोच म्हणाला होता. पण "नव्हतं" म्हटलं तर उद्या सकाळी ही बॅग उचलून निघेल, हेही त्याला तेवढंच स्पष्ट दिसत होतं.

"होतं," तो म्हणाला. "तिथे एक मुलगी बसली होती, ताई. गोट्या टाकत. आता घरी आहे. आईपाशी."

आत्याने डोळे मिटले. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

"केवढी?" थोरलीने विचारलं.

धाकट्याने जमिनीपासून हात वर धरून दाखवलं. एवढी. त्याच्या कमरेपर्यंतही नाही. दाखवून झालं तरी हात खाली येईना. हवेत तसाच थांबला. अण्णा चाचपडत टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी मुलाचा हात आपल्या हातात घेऊन हळूच खाली आणला.

थोरली ते बघत होती. ज्या उंचीवर तो हात होता तिथे ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"उद्या मला कुणी उठवू नका," ती म्हणाली.